एकट्यानें लढावें कसें?

आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. परीक्षा आटोपून तो सुटीवर घरीं आला, त्यानंतर चारपांच दिवसांनीं त्याच्या आईनें माझ्याकडे तक्रार आणली. "अण्णा, तुमचें तो ऐकतो. रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत दार लोटून संगणकापुढें बसतो आणि तरवारी चालवतो. खणखणाट माजघरापर्यंत येतो. तुम्ही त्याला दोन शब्द सांगा."

सारा जन्म शिक्षकी पेशांत गेल्यामुळें दोन शब्द सांगण्याची संवय मला आहेच. परंतु ज्या विषयावर सांगावयाचें तो आधीं पाहून घ्यावा, ही दुसरी संवयहि त्याच पेशानें लावली आहे. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मी त्याच्या खोलींत गेलों व खुर्ची ओढून शेजारीं बसलों. तो प्रथम ओशाळला व पडदा बंद करूं लागला. मीं म्हटलें, "राहूं दे. काय चाललें आहे तें मला समजावून सांग." सांगावयाचे दोन शब्द त्या रात्रीं राहूनच गेले. पुढें तीन आठवडे मी रोज रात्रीं तासभर त्या खुर्चीवर बसत आलों, आणि ह्या लेखांत जें सांगणार आहें तें तेथून पाहिलेलें आहे.

खेळाचें नांव 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'. प्राग शहरांतील वॉरहॉर्स स्टुडिओज ह्या मंडळींनीं तो तयार केला व १३ फेब्रुवारी २०१८ रोजीं तो प्रसिद्ध झाला. त्याच्या जन्माची हकीकत आपल्याकडील जुन्या ग्रंथप्रकाशनाची आठवण करून देते. प्रकाशक मिळेनात, तेव्हां कर्त्यांनीं २०१४ सालीं सरळ लोकांपुढें झोळी पसरली आणि सुमारें ३५ हजार वर्गणीदारांनीं मिळून ११ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवून दिली. असा खेळ हवा असणारे लोक जगांत आहेत, अशी तेव्हां धनिकांची खात्री पटली.

कथा बोहेमियांतील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकांतील, सन १४०३ ची आहे. बादशहा चौथा चार्ल्स १३७८ सालीं वारला व त्याचा मुलगा चौथा वेन्सेस्लास गादीवर आला. बापाची योग्यता मुलाच्या अंगीं नव्हती. त्याचा सावत्र भाऊ, हंगेरीचा राजा सिगिस्मुंड, ह्यानें १४०२ सालीं त्यास कैद केलें आणि त्याच्या पक्षाच्या सरदारांचा मुलूख लुटावयास फौजा धाडल्या. त्या लुटींत स्कालित्स नांवाचें चांदीच्या खाणीचें गांव बेचिराख झालें. इतका भाग इतिहासाचा आहे. नायक हेन्री हा त्या गांवच्या लोहाराचा मुलगा. तो मात्र कल्पित. रताय, तालम्बर्क, सासावचा मठ हीं स्थळें खरीं आहेत आणि तेथील किल्ले, वाटा, गिरण्या, मद्यगृहें मोठ्या कष्टानें पडद्यावर उभीं केलीं आहेत. जादूटोणा नाहीं, अग्नि ओकणारे सर्प नाहींत, आकाशवाणी नाहीं. हें ऐकून माझें अर्धें मन खेळाकडे झुकलें, हें मी कबूल करतों.

उरलेलें अर्धें नायकाच्या पराक्रमानें झुकलें. त्याचा पराक्रम असा: आरंभीं बाप त्यास कुनेश नांवाच्या दारुड्याकडे उधारी वसूल करण्यास पाठवतो. कुऱ्हाड, हातोडा आणि खिळे ह्यांचे पैसे थकलेले असतात. कुनेश पैसे देत नाहीं, गुद्दे देतो; आणि खेळणारा नवशिका असेल तर हेन्री मार खाऊन परत येतो. पुढें फौज येते, आईबाप डोळ्यांदेखत मारले जातात आणि हेन्री घोड्यावर बसून पळतो. नंतर त्यांचीं प्रेतें पुरण्याकरितां तो चोरून परत जातो, तेव्हां लुटारू त्यास झोडपतात आणि बापानें घडविलेली तरवार हिसकावून नेतात. पहिल्या तीन प्रसंगांत दोनदां मार खाणें आणि एकदां पळणें, एवढेंच त्याच्या वांट्यास येतें. ज्याला तरवार धरतां येत नाहीं, असा वीर मीं पूर्वीं कोठें पाहिला नव्हता. त्याला वाचतांहि येत नाहीं. उझित्स गांवच्या लेखकाकडे जाऊन तो धडे घेईपर्यंत पुस्तक उघडलें तर अक्षरें उलटींपालटीं, गुंतलेलीं दिसतात. जसजसे धडे होतात तसतसे शब्द सुटे होत जातात. निरक्षर मनुष्यास छापील पान कसें दिसत असेल, ह्याचा अनुभव शिकल्यासवरल्या माणसास इतक्या सोप्या रीतीनें देणारी युक्ति मला तरी ठाऊक नव्हती.

रतायच्या आश्रयास आल्यावर बर्नार्ड नांवाचा पथकनायक हेन्रीचा गुरु होतो. कुंपण घातलेल्या आखाड्यांत तो त्याच्या हातीं लांकडी तरवार देतो. येथें खेळाची खरी विद्या सुरू होते. प्रतिस्पर्ध्यासमोर उभें राहिलें कीं पडद्यावर पांच टोंकांची चांदणी उमटते. एक टोंक माथ्याकडे, दोन खांद्यांकडे, दोन मांड्यांकडे. आणि मध्यभाग भोसकण्याचा. कोणत्या बाजूनें वार करावयाचा तें आधीं ठरवून हात तिकडे न्यावा लागतो. शत्रूला तो हात दिसतो. म्हणून एका बाजूस हूल देऊन ऐनवेळीं दुसऱ्या बाजूनें मारणें ही पहिली कला. दुसरी कला अडवण्याची. शत्रूचा वार सुटला कीं एका निमिषापुरती हिरवी ढाल चमकते. तेवढ्यांत कळ दाबली तर वार साफ अडतो आणि उलट वारास जागा मिळते. घाई केली किंवा उशीर झाला तर तरवार कशीबशी आडवी येते, पण त्याची किंमत दमांतून वसूल होते.

'दम' हा मराठी शब्द ह्या खेळास इतका तंतोतंत लागू पडतो कीं मूळ इंग्रजी शब्द मीं पुतण्यास विचारलाहि नाहीं. प्रत्येक वारास दम लागतो, धांवण्यास लागतो, अडवण्यास लागतो. दम शिल्लक असेपर्यंत बसलेल्या घावाचा भार कांहींसा तो सोसतो. संपला कीं घाव थेट प्राणावर येतो. शिवाय जखम झाली कीं दमाची सांठवणच कमी होते, म्हणजे हरणारा मनुष्य अधिकाधिक लवकर थकत जातो. दोन पावलें मागें सरून क्षणभर हात आवरला तर मात्र दम पुन्हां भरूं लागतो. नवशिका हें विसरतो. तो भराभर कळा दाबतो, पांचसात वार हवेंत किंवा ढालीवर घालवतो, आणि मग धापा टाकीत उभा राहतो. तोंवर समोरच्यानें कांहींच केलेलें नसतें, म्हणून तो ताजा असतो. आमच्या पुतण्यानें पहिले आठ दिवस हेंच केलें. मग दोन रात्री तो फक्त बर्नार्डकडे जाऊन लांकडी तरवारीनें सराव करीत बसला. ज्या मुलास लहानपणीं विसर्गसंधीचे नियम तिसऱ्यांदा म्हणावयास सांगितले असतां पोटांत दुखूं लागे, तो एकच अडवणूक शंभरदां करतांना पाहून मला शिक्षक म्हणून थोडा मत्सर वाटला.

शस्त्र आणि चिलखत ह्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. अंगाशीं जाड शिवलेला भरगच्च डगला, त्यावर लोखंडी कड्यांचें चिलखत, त्यावर पोलादी पत्रे, असे थरावर थर चढतात. तरवारीची धार कड्यांवर बोथटते आणि पत्र्यावर तर निरुपयोगीच. अशा चिलखतवाल्यास गदेचा ठोसा लागतो, तोहि डोक्यावर. हें सारें त्या काळच्या युद्धपद्धतीस धरून आहे. शिरस्त्राणाची तोंडावरची झडप खालीं ओढली तर चेहरा वाचतो, पण खेळणाऱ्यास सारें जग एका फटींतून दिसूं लागतें. संरक्षण वाढलें कीं दृष्टि कमी झाली, हा सौदा प्रत्येक वेळीं नव्यानें करावा लागतो. एकाशीं गांठ असेल तर झडप पाडावी. चौघांशीं असेल तर पुतण्या ती उघडी ठेवतो, आणि कां ठेवतो तें आतां सांगतों, कारण ह्या लेखाचें खरें प्रयोजन तेंच आहे.

एके रात्रीं हेन्री घोडा हांकीत चालला असतां झाडींतून चौघे दरोडेखोर निघाले. दोघांजवळ साध्या कुऱ्हाडी, एक चिलखत घातलेला, चौथा मागें धनुष्य घेऊन. पुतण्या त्या वेळीं एकास एक असा चांगला लढूं लागला होता. तो घोड्यावरून उतरला, पहिल्यासमोर पवित्रा घेऊन उभा राहिला आणि त्याचे दोन वार त्यानें इतके सुंदर अडवले कीं मीं शाबास म्हटलें. तिसऱ्या वारास हेन्री मेला. पाठींत कुऱ्हाड बसली होती. पुन्हां खेळला, पुन्हां मेला. ह्या खेळांत वाटेल तेव्हां खूण ठेवून तेथून पुन्हां सुरू करण्याची सोय मुद्दाम दिलेली नाहीं. एक विशिष्ट महागडी दारू प्यावी किंवा आपल्या बिछान्यावर निजावें, म्हणजे केलेलें काम टिकतें. त्यामुळें मेलें कीं तास दीड तासाची मेहनत पाण्यांत जाते आणि भीति खरी वाटते. तिसऱ्या वेळीं पुतण्या म्हणाला, "अण्णाकाका, माझें चुकतें कोठें?"

मला काय ठाऊक! पण दोघांनीं मिळून पाहिल्यावर चूक सांपडली. पवित्रा घेतला कीं खेळांतील दृष्टि समोरच्या एकावर खिळते. द्वंद्वांत हा गुण आहे. चौघांत हाच घातक दोष, कारण उरलेले तिघे तोंवर डावीउजवीकडून पाठीमागें जातात. म्हणजे एकाशीं लढण्यांत जी एकाग्रता उपयोगी पडली तीच येथें मारीत होती. झडप उघडी ठेवण्याचें कारण हेंच.

नंतरच्या पांचसहा रात्रींत पुतण्यानें जी रीत बसवली ती मी त्याच्याच शब्दांच्या आधारें देतों. आधीं मोजायचें. किती आहेत, धनुष्य कोणाजवळ, पत्र्याचें चिलखत कोणाला. हिशेब जमत नसेल तर लढाई सुरूच करायची नाहीं. सुरू झालीच तर एका जागीं उभें राहायचें नाहीं. मागें मागें सरकत, जरूर तर पाठ फिरवून धांवत सुटायचें. धांवल्यानें चौघांची रांग लागते. हलका मनुष्य पुढें येतो, चिलखतवाला धापा टाकीत मागें राहतो. पुढें आलेल्यावर एकदम वळून दोन वार घालायचे आणि दुसरा पोंचण्यापूर्वीं पुन्हां धांवायचें. भिंतीला पाठ लावावी का, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "पाठ वाचते, पण मागें सरकायला जागा राहत नाहीं, तिघे समोरून एकदम मारतात. दार सांपडलें तर उत्तम. उंबरठ्यावर एकच जण मावतो." तिरंदाजाचें काय? त्याच्या आणि आपल्या मध्यें त्याचाच एखादा सोबती येईल असें फिरत राहायचें. आणि तिघांना अर्धें अर्धें जखमी करण्यापेक्षां एकाला पुरा पाडावा, कारण अर्धा जखमी मनुष्यहि कुऱ्हाड उचलतोच. पडलेल्याची कुऱ्हाड मात्र कमी झाली. पडलेले कित्येकदां शरण येऊन जीवदान मागतात, तें द्यावयाचें कीं नाहीं हें खेळणाऱ्यावर सोंपवलें आहे. आमचा पुतण्या देतो. ह्याबद्दल मीं त्यास कांहीं सांगितलें नव्हतें.

"पण ह्यांत पळणेंच फार," मी म्हणालों.

"पळणें म्हणजे हरणें नव्हे, अण्णाकाका. जागा बदलणें आहे."

मी त्या रात्रीं लवकर उठून आलों. मला एक जुनी गोष्ट आठवली होती आणि झोंप लागली नाहीं.

पंचवीसएक वर्षांपूर्वीं मी एका लहान गांवच्या शाळेंत होतों. आठवींतला एक किडकिडीत मुलगा एके दिवशीं शाळा सुटल्यावर मजकडे आला. ओढ्याकडच्या वाटेवर चार मोठीं मुलें त्यास रोज अडवीत, दप्तर पाण्यांत टाकीत. तो रोज लांबच्या वाटेनें पळून घरीं जाई आणि उशीर झाला म्हणून बोलणीं खाई. मीं काय केलें? त्या मुलांच्या घरीं गेलों नाहीं, मुख्याध्यापकांस सांगितलें नाहीं. त्या आठवड्यांत वर्गांत अभिमन्यु चालला होता. मीं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलें, "पळणाऱ्याच्या मागें जग लागतें. उद्यां पळूं नकोस, उभा राहा." तो उभा राहिला. उजवें मनगट दोन ठिकाणीं मोडलें, आणि वार्षिक परीक्षेस त्याला लेखनिक घ्यावा लागला. त्याचे वडील शाळेंत आले ते रागावले नाहींत. "मास्तर, पोर तुमचें नांव सांगतंय," एवढेंच म्हणाले. तें वाक्य ऐकून घेण्यापलीकडे मला कांहीं सुचलें नाहीं. मुलानें मला कधीं दोष दिला नाहीं. पुढेंहि तो वर्गांत पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे त्याच विश्वासानें पाही, आणि तें पाहणें मला सोसत नसे.

अभिमन्यूची गोष्ट मीं आयुष्यांत किती वर्गांना सांगितली असेल! चक्रव्यूहांत शिरण्याची विद्या त्यास होती, बाहेर पडण्याची नव्हती. कथेंत हें स्पष्ट सांगितलेलें असतांना तिच्यांतून मीं धैर्याचा पाठ घेतला, वाटेचा घेतला नाहीं. त्या मुलाची लांबची वाट ही त्याची स्वतः शोधलेली युक्ति होती. ती मीं त्याच्याकडून काढून घेतली आणि बदल्यांत उभें राहण्याचें ठिकाण दिलें तें उघड्या मैदानांतलें, चारी बाजूंनीं मोकळें. निदान दार दाखवावयाचें होतें. खरें पाहतां त्या मुलांच्या दारीं मीच जावयाचें होतें.

दुसऱ्या रात्रीं ही हकीकत मीं पुतण्यास सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें त्यानें यूरोपांतील जुन्या शस्त्रविद्येच्या हस्तलिखितांचीं चित्रें संगणकावर काढून माझ्यापुढें ठेवलीं. हा विषय मला अगदीं नवा होता. चौदाव्या शतकाच्या शेवटास किंवा पंधराव्याच्या आरंभीं लिहिलेली एक जर्मन पोथी न्यूरेम्बर्गच्या संग्रहालयांत आहे. तिच्यांत लिख्टेनाउअर नांवाच्या आचार्याची खड्गविद्या दिली आहे. त्याच पोथींत, चार किंवा सहा जण अंगावर धांवून आले तर काय करावें, ह्याचाहि विचार आहे. 'लोखंडी दरवाजा' नांवाचा पवित्रा घ्यावा, तरवारीचें टोंक जमिनीकडे ठेवावें, आणि सर्व शत्रू आपल्या समोरच राहतील, एकहि पाठीमागें जाणार नाहीं, अशा रीतीनें फिरावें, हा त्याचा आशय. सहाशें वर्षांपूर्वींच्या आचार्यानें पहिली काळजी पाठीची केली आहे.

दुसरी पोथी इटलीची. फियोरे देई लिबेरी ह्या उस्तादानें ती इ. स. १४१० च्या सुमारास लिहिली, म्हणजे हेन्रीच्या कथेनंतर अवघ्या सातआठ वर्षांनीं. तिच्यांत एका मनुष्याकृतीभोंवतीं चार प्राणी काढले आहेत. डोक्याशीं लिंक्स जातीचें रानमांजर, तें सूक्ष्म दृष्टीचें. एका बाजूस वेगाचा वाघ, दुसऱ्या बाजूस धैर्याचा सिंह, आणि पायांखालीं पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती, तो स्थैर्याचा. इटालियन चित्रकारानें हत्ती पाहिला असेल असें त्या चित्रावरून मुळींच वाटत नाहीं, तरी मला तें चित्र फार आवडलें. दृष्टि सर्वांत वर आहे आणि सिंह चौघांतला एक आहे, इकडे मी पुतण्याचें लक्ष वेधलें. त्याच पोथींत तिघांविरुद्ध एकट्या उस्तादाचेंहि चित्र आहे. पण ते तिघे पाळीपाळीनें येतात. ओढ्याच्या वाटेवरचे पाळी पाहत नाहींत.

धांवून रांग लावण्याची युक्ति तर ह्याहून कितीतरी जुनी निघाली. रोमचा इतिहासकार लिव्हि ह्यानें आपल्या पहिल्या भागांत होरेशिअस बंधूंची कथा दिली आहे. दोन राज्यांचा तंटा तीन भावांविरुद्ध तीन भाऊ लढवून मिटवावा असें ठरलें. रोमचे दोघे पडले, एक उरला. तो धडधाकट होता आणि प्रतिपक्षाचे तिघेहि जखमी होते, पण कमीअधिक. तो पळत सुटला. स्वपक्षाचे लोक हळहळले असतील. तिघे आपापल्या जखमांच्या मानानें मागेंपुढें धांवूं लागले, आणि अंतर पडलेलें पाहून त्यानें वळून एकेकास गांठून मारलें. आपल्याकडे घोडखिंडींत १६६० सालीं बाजीप्रभूंनीं जागा निवडली तीहि अशाच बुद्धीनें. अरुंद खिंडींत सिद्दीच्या फौजेची संख्या निरुपयोगी झाली. बाजीप्रभूंचें शौर्य आम्ही मुलांस शिकवतों, खिंडीची रुंदी शिकवीत नाहीं.

आतां खेळाचे दोष. बर्नार्डकडून पुढें एक 'उस्तादी वार' शिकावयास मिळतो. शत्रूनें वार करावा आणि नेमक्या क्षणीं कळ दाबली कीं हेन्री तो अडवून आपोआप उलट घाव घालतो. हा वार हातीं आल्यावर पुतण्या स्वतः मारेनासाच झाला. नुसता उभा राहून वाट पाहूं लागला. आणि चांगले शिकलेले शत्रूहि तेंच करतात, म्हणून कधीं कधीं दोघे एकमेकांकडे पाहत उभे. हूल, दिशा, दम, सारी विद्या ह्या एका किल्लीनें निकालांत निघते. माझ्या मतें ही कर्त्यांची मोठी चूक होय. ४ फेब्रुवारी २०२५ रोजीं निघालेल्या दुसऱ्या भागांत त्यांनीं हा वार तरवारीपुरता ठेवला आणि त्यासाठीं शत्रूच्या वाराच्या उलट दिशा धरावी लागेल असें केलें. पांच टोंकांच्या जागीं चारच दिशा ठेवल्या. चूक त्यांस उमगली असावी.

दुसरी गोष्ट मला रुचली नाहीं ती अशी कीं दरोडेखोरांच्या तळावर रात्रीं शिरून त्यांच्या शिजत्या भांड्यांत विष कालवण्याची मोकळीक खेळांत आहे. पुतण्यानें तें एकदां केलें. सकाळीं तळावरचे निम्मे लोक मेलेले. हिशेबानें ही सर्वांत स्वस्त लढाई; पण मी उठून बाहेर गेलों. अन्नांत विष घालणें मला पाहवलें नाहीं. तो म्हणाला, "काका, ते चित्र आहेत." मी म्हणालों, "भांडें तर आहे ना." हा वाद आमचा अजून मिटलेला नाहीं. रक्तपात व असभ्य प्रसंग बरेच असल्यामुळें यूरोपांत ह्या खेळावर अठरा वर्षांवरील लोकांसाठीं असा शिक्का आहे, आणि तो योग्य आहे. घरांतील लहान मुलांच्या हातीं हा खेळ देऊं नये. झोंपेचें खोबरें होतें तें निराळेंच. त्याबाबत आमच्या भावजयीची तक्रार मला मान्य आहे, आणि रात्रीं साडेअकराची मर्यादा मीं घालून दिली आहे. ती मोडण्यांत माझाहि हात एकदोनदां होता, हें त्यांस ठाऊक आहे.

पुतण्या परत जाण्याच्या आदल्या रात्रीं त्यानें यंत्र माझ्या हातीं दिलें. माझीं बोटें संधिवातानें आंखडलेलीं; हिरवी ढाल चमकून विझते तोंवर माझें बोट कळेपर्यंतहि पोंचत नाहीं. हेन्री उझित्सहून रतायकडे चालला होता, संध्याकाळची वेळ होती, आणि वळणावर तिघे निघाले. मीं मोजलें. एक धनुष्यवाला, दोन कुऱ्हाडवाले. हूल, पवित्रा, उस्तादी वार ह्यांपैकीं मला कांहींच येत नव्हतें. मीं हेन्रीची पाठ फिरविली आणि शेत तुडवीत पळत सुटलों. पुतण्या हंसूं लागला. एक कुऱ्हाडवाला बराच पुढें आला होता, त्याच्यावर वळून मीं एक वार टाकला, तो लागला कीं नाहीं कळलें नाहीं, आणि पुन्हां पळालों. एक बाण खांद्यांत बसला. गिरणीजवळ दिवा दिसला, कुंपण दिसलें, त्या आड गेलों. मागें वळून पाहिलें तों वाट मोकळी होती. ते दोघे केव्हांच थांबून परत फिरले होते. हेन्री गिरणीच्या दाराशीं धापा टाकीत उभा होता, खांद्यांतून रक्त वाहत होतें.

"आतां पट्टी बांधा," पुतण्या म्हणाला, "पिशवींत आहे."

पिशवी कशी उघडतात तें मला माहीत नव्हतें. तें त्यानें दाखवलें.